ब्रेकला जामीन कोण?

आपल्या मालकीच्या वस्तूची दुरुस्ती आपण करावी की करू नये, हा काही नीतीचा प्रश्न वाटत नाही. नळ गळतो, पंखा कुरकुरतो, सायकलची चेन उतरते. ज्याला जमते तो स्वतः करतो, ज्याला जमत नाही तो माणूस बोलावतो. पण हाच गृहस्थ एखाद्या रविवारी आपल्या मोटारीचे ब्रेक उघडून बसला तर? पंखा बिघडला तर उकाडा घरच्यांना होईल. ब्रेक लागला नाही तर गाडी ज्याच्या अंगावर जाईल, त्याला ती गाडी कुणाची आणि तिला हात कुणी लावला होता, यातले काहीच ठाऊक नसते. तो बिचारा फक्त रस्ता ओलांडत असतो.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका जुन्या स्पोर्ट्‌स कारमुळे. कोकणातली काही मुस्लिम कुटुंबे इंग्लंडात स्थायिक झाली आहेत. त्यांतल्याच आमच्या नात्यातल्या एका तरुणाने हौसेने जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. ही दोन माणसांची उघड्या टपाची छोटी गाडी १९८९ साली बाजारात आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. बांधणी साधी आणि सुटे भाग सहज मिळणारे, त्यामुळे तिचे मालक बरीचशी कामे घरच्या अंगणात करतात. या तरुणाच्या गाडीच्या डिस्क झिजल्या होत्या. वडील म्हणत होते, गॅरेजात टाक. मुलाचे म्हणणे, गाडी माझी, वेळ माझा, हातही माझे. दोघांनीही आमचे मत विचारले.

मत देण्याआधी डिस्क म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत तिला रोटर म्हणतात. चाकाबरोबर फिरणारी ती बिडाची तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळले की चाक थांबते. या कल्पनेचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली घेतले होते. मात्र तिची खरी कदर झाली ती १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने फ्रान्समधली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. गाडीचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ती उष्णता आधी डिस्क झेलते. प्रत्येक ब्रेकला ती किंचित झिजते, पातळ होते, आणि पातळ डिस्क लवकर तापते. फार तापली तर तिला तडे जाऊ शकतात, ब्रेकचे तेल उकळू लागते आणि घाटात पेडल पायाखाली मऊ पडते. म्हणून किमान जाडी किती हवी, तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. नव्या आणि टाकाऊ डिस्कमध्ये अंतर असते साधारण दोन मिलिमीटरचे.

हे दोन मिलिमीटर मोजतानाच माणसाची पहिली परीक्षा होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे कडेला न झिजलेला एक कंगोरा उरतो. साधा व्हर्नियर लावला तर तो त्या कंगोऱ्यावर बसतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. झिजलेल्या भागावर टेकणारा मायक्रोमीटर घ्यावा लागतो. ज्याला आणखी एक वर्ष डिस्क चालवायची आहे, त्याला व्हर्नियरचा आकडा फार गोड वाटतो. कुणाला फसवायचे नसतानाही माणूस स्वतःला कसा फसवू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही.

पुढचे काम अवघड नाही, पण त्यात ठिकठिकाणी अशा जागा आहेत जिथे आळस केला तरी लगेच काही बिघडत नाही. गाडी जॅकने उचलून भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. कॅलिपर काढला की तो तारेने बांधून वर अडकवावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. नळी त्याच दिवशी फुटत नाही, पण आतून दुखावते. एमएक्स-५च्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते. तिथला पिस्टन शिकंज्याने दाबून आत ढकलायचा नसतो. मागचा एक बोल्ट काढून आतल्या स्क्रूने फिरवत मागे घ्यायचा असतो. जोर केला तर यंत्रणा मोडते. एका बाजूची डिस्क बदलली की दुसऱ्या बाजूचीही बदलावी, पॅडही नवे घालावेत. हे बहुतेकांना ठाऊक असते.

ज्या जागेने आम्हाला विचारात टाकले ती वेगळीच आहे. जुनी डिस्क ठोकून ठोकून निघाली की तिच्या मागे हबचा सपाट चेहरा दिसतो, गंजाने खरबरीत झालेला. नवी डिस्क याच चेहऱ्यावर बसायची असते. तारेच्या ब्रशने तो लख्ख होईपर्यंत घासला नाही आणि गंजाची एक पापडी मधे राहिली, तर डिस्क केसभर तिरकी बसते. त्या दिवशी काही कळत नाही. पेडल घट्ट लागते, गाडी झोकात थांबते. पुढे काही हजार किलोमीटरनंतर डिस्क एका जागी जास्त झिजते आणि ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडू लागते. तोवर दुरुस्ती करणाऱ्याला पैसे मिळालेले असतात, किंवा घरीच केली असेल तर कौतुक करून घेऊन झालेले असते. नवी डिस्क बसली की तो चेहरा झाकला जातो. इंग्लंडात तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, ब्रेक रोलरवर चढवून पाहतात. पण तपासणारा डिस्क काढून मागे डोकावत नाही. तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून, तिच्या रचनेत मोठे फेरफार नसतील तर, या तपासणीतूनही सूट आहे. म्हणजे १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीसारख्या गाड्या, ज्या घरच्या अंगणात सर्वांत जास्त उघडल्या जातात, त्या कुणीही न तपासता रस्त्यावर येऊ शकतात. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर असतेच, पण मालकाला विचारणारा कुणी नसतो. आपल्याकडे तर खाजगी गाडीची पहिली पंधरा वर्षे वेळोवेळी तपासला जातो तो फक्त धूर.

तेव्हा त्या मुलाच्या ‘गाडी माझी’ या युक्तिवादाला आमच्या लेखी किंमत नाही. गाडी त्याची आहे, थांबण्याचे अंतर सर्वांचे आहे. मराठीत आपण ‘जामीन’ हा शब्द कोर्टकचेरीपुरता वापरतो. तो अरबीतल्या ‘ज़ामिन’वरून आला. नुकसान भरून देण्याची हमी ज्याच्या शिरावर तो ज़ामिन. वैद्यकी येत असल्याची ज्याची ख्याती नाही, त्याने कुणावर उपचार केला आणि अपाय झाला, तर तो ज़ामिन ठरतो, असे इस्लामी न्यायशास्त्र सांगते. तिथे नियत चांगली होती ही सबब पुरत नाही. ब्रेकचे काम आम्हाला याच जातीचे वाटते.

पण मग वडिलांचे म्हणणे बरोबर, असेही आम्हाला म्हणवत नाही. त्यांच्या ‘गॅरेजात टाक’मध्ये काळजी होती तशी सुटकाही होती, बिल हातात आले की जबाबदारी दुसऱ्याची. गॅरेजातल्या माणसाला दिवसाला अमुक गाड्या सोडायच्या असतात. हब घासण्यात गेलेली वीस मिनिटे बिलात दिसत नाहीत. घरी काम करणाऱ्याकडे अख्खा रविवार असतो. चोख काम करण्याची सवड त्यालाच अधिक.

मग गॅरेजातल्या हाताकडे असे काय आहे जे घरच्या हाताकडे नाही? या वर्षिकाच्या वाचकांना ते आम्ही सांगायला नको. आपल्या समाजातली किती माणसे गॅरेजात राबतात, याची नोंद सच्चर समितीच्या २००६च्या अहवालातही आहे. कुर्ल्याच्या कुठल्याही गॅरेजात जा, बारके पोर पाना देता देता शिकत असते. (ते पोर शाळेत असायला हवे होते, हा वेगळा आणि मोठा विषय.) त्याने आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक जोडला तेव्हा उस्ताद शेजारी उभा होता. बोल्ट ढिला राहिला तर टपली बसली, आणि गाडी बाहेर जाण्याआधी बोल्ट आवळला गेला. पहिली वेळ प्रत्येकालाच येते. घरच्या हौशी माणसाची पहिली वेळ मात्र एकट्याची असते, आणि तिची चाचणी रहदारीत होते. गंमत अशी की लाखाची हौस करणाऱ्याच्या हाताला तेल लागले की त्याला छंद म्हणतात आणि उस्तादाच्या हाताला लागले की त्याला अडाणी म्हणतात. हे आम्हाला फार दिवस खुपते आहे.

आम्ही मुलाला कळवले ते एवढेच, की काम तू कर, पण एक चाक जोडून झाले की दुसऱ्या डोळ्यांना दाखव. पसंत करणारे डोळे नकोत, चूक काढणारे हवेत. तसा कुणी मिळत नसेल तर गॅरेजात टाक. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल धुऊन काढ, बोल्ट पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळ, आणि गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाब. पिस्टन मागे ढकललेले असतात. पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. हे विसरलेला माणूस अंगणातून फाटकापर्यंतच पोहोचतो, आणि फाटकापाशी पोरे खेळत असतात.

त्याने आपल्या गल्लीतल्या एका निवृत्त पंजाबी मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने पहिल्या चाकाची नवी डिस्क पुन्हा काढायला लावली, हबवरून बोट फिरवले, आणि ब्रश त्याच्या हातात परत दिला. वडील खुर्ची टाकून बाहेर बसले होते. संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू थांबत थांबत नवे पॅड डिस्कवर बसवून घेतले, तेव्हाही मिस्त्री शेजारच्या सीटवर होता. नंतर फोनवर मुलाने विचारले, त्यांनी स्वतः एक बोल्टही फिरवला नाही, नुसते पाहिले, तर त्यांना पैसे द्यावेत का? आम्ही म्हटले, पूर्ण दिवसाचे दे.