प्रारब्ध, प्रयत्न आणि शाळेचा जिना

दैव मोठे की प्रयत्न, हा जुना वाद आणीबाणीत शाळा रिकामी करण्याच्या योजनेपाशी अगदी रोकडा होतो. जे व्हायचे ते होणारच, तर सराव कशाला? कर्मविचारात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग आहेत आणि क्रियमाण माणसाच्या हाती असते. योगवासिष्ठात दैवापेक्षा पौरुषाचे पारडे जड आहे. दासबोधाचा कौलही प्रयत्नालाच आहे.

खरी मेख पुढे आहे. स्वतःचे दुःख सोसताना प्रारब्धाचा आधार घेता येतो. दुसऱ्याच्या लेकराची राखण पत्करल्यावर मात्र तो आधीच घेणे ही जबाबदारीतून पळवाट आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. त्याला प्राक्तन म्हणणे केवळ क्रूर आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही धरला.

आगीइतकीच घबराटही जीव घेते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात, माहेजी आणि परधाडे स्थानकांदरम्यान, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली. घाबरलेले प्रवासी रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान बारा जणांचा जीव गेला. आग नव्हतीच. घबराटीत विचार सुचत नाही, पाय सवयीच्या वाटेने जातात. चंचल मन अभ्यासाने आवरते, हे गीतेचे सांगणे इथे पायांनाही लागू पडते.

म्हणूनच सराव खरा हवा. आदल्या दिवशी सूचना देऊन, रांगा लावून, फोटो काढून उरकलेला सराव म्हणजे खोटी साक्ष. न सांगता लांब घंटा दिली की मागच्या जिन्याचे कुलूप दिसते, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत गेलेला. कुबड्या घेणारी मुलगी दुसऱ्या मजल्यावर बसते, तिला खाली कोणी आणायचे हे ठरलेलेच नसते. मैदानात हजेरीपटावरून मोजणी केली की एक मूल कमी भरते, ते स्वच्छतागृहात असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत द्यायचे प्रमाणपत्र उपकरणांची ग्वाही देते, या गोष्टींची नाही.

आग कधीच लागली नाही, तर या कष्टांचे फळ कोणाला दिसत नाही, कौतुकही होत नाही. निष्काम कर्माचा इतका साधा नमुना दुसरा क्वचितच सापडेल. पण निष्काम म्हणजे बेफिकीर नव्हे. फळाची आस सोडता येते, चुकलेली मोजणी सोडता येत नाही. कुलूप काढून, त्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणून घंटा पुन्हा द्यावी लागते.