मालकीणबाईंचा चेहरा दाखवू नकोस

परभणी

चि. भाचीस,


तुझ्या लघुपटाची संहिता वाचून झाली. कृषी विद्यापीठात शिकायला आलेली मुस्लिम मुलगी खोली बघायला येते, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, आणि मग मालकीणबाई विचारतात, ‘नाव काय म्हणालीस बाळा?’ इथपर्यंतचं मला फार आवडलं. पुढे आरडाओरडा होतो, शेजारी जमतात, मागे सारंगी रडू लागते, तिथे मी अडलो. आपल्याकडे खोली नाकारणारं माणूस ओरडत नाही गं. ‘कालच एकांना शब्द दिलाय’, ‘ह्यांना विचारून कळवते’, ‘आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही’ असं मऊ बोलून दार लागतं. जाताना पाणीही विचारतात. हा मऊपणाच तुला पकडायचा आहे, आणि तो डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मालकीणबाईंचा चेहरा दाखवूच नकोस. कॅमेरा घराच्या आत, त्यांच्या जागी ठेव, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. समोर उंबऱ्यापाशी ती मुलगी. आवाज कॅमेऱ्याच्या शेजारून येऊ दे. चेहरा दिसला की प्रेक्षक लगेच म्हणतो, ‘ही बाई वाईट, मी तसा नाही,’ आणि सुटतो. नुसता आवाज असला, तोही प्रेमळ असला, तर त्याला तो आपल्या आत्याचा, मावशीचा वाटतो, आणि तो स्वतः आतल्या बाजूला उभा असतो. फार तर किल्ली धरलेला हात दिसू दे. पुढे आलेला हात नाव ऐकून मागे गेला, एवढं पुरे.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) तू पाहिला आहेस. तो लघुपट नाही आणि त्यातला प्रश्न जातीचा आहे, पण तुझ्या कामाचं त्यात खूप आहे. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. ते पकडायला आलेलं, नायक जब्याचं सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर निघून जातं. कुणी भाषण केलेलं नाही. चौकटीबाहेरून आलेल्या एका आवाजाने सगळं सांगून टाकलं. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे बघ्यांमध्ये बसलेल्या आपल्याकडे. मालकीणबाईंच्या जागी कॅमेरा ठेव म्हणतो ते त्याचसाठी.

आवाजाच्या ताकदीचा याहून टोकाचा नमुना पाहायचा तर २००२ सालचा तो ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांवरचा चित्रपट मिळव. ११ दिग्दर्शक, प्रत्येकाला ११ मिनिटं, ९ सेकंद आणि एक फ्रेम. मेक्सिकोच्या आलेहांद्रो गोन्सालेझ इन्यारितूने आपला पडदा जवळजवळ पूर्ण काळा ठेवलाय. बातम्यांचे, फोनवरचे आवाज, मंत्रोच्चारासारखं काहीतरी, धप्प असे आघात. मध्येच क्षणभर उंचावरून कोसळणारी माणसं. शेवटी अरबीत आणि इंग्रजीत एक प्रश्न उमटतो: देवाचा प्रकाश आपल्याला वाट दाखवतो की आंधळं करतो? त्याच संचात मीरा नायरने सलमान हमदानीची खरी गोष्ट सांगितलीय. न्यूयॉर्कमधला २३ वर्षांचा हा मुलगा त्या दिवशी लोकांना वाचवायला धावला आणि तिथेच गेला. पण नावामुळे हल्लेखोरांशी संबंध असल्याचा संशय त्याच्यावर आला, आणि बेपत्ता मुलाची वाट बघणाऱ्या आईला तो संशय सोसावा लागला. नावावरून माणूस ठरवणं काय करू शकतं, ते तिथे बघ.

आता सामानाचं. तुझ्याकडे मोबाइल आहे आणि चांगला माइक नाही, म्हणून तू खट्टू आहेस. एम. एस. सथ्यूंनी ‘गर्म हवा’ (१९७३) केला तेव्हा त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. आग्र्यात मुकं चित्रीकरण झालं, आवाज नंतर मुंबईत भरला. बलराज साहनींनी आपल्या भूमिकेला, नायक सलीम मिर्झाला, आवाज दिला आणि लगेच, १३ एप्रिल १९७३ रोजी, ते गेले. चित्रपट त्यांनी पाहिलाच नाही. फाळणीनंतर आपल्याच गावात परक्या ठरलेल्या माणसाची ती गोष्ट अजून जुनी झालेली नाही. तेव्हा आवाज नंतर भरायला लाजू नकोस. फक्त खोलीतली शांतता जागेवरच टिपून आण. सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसतं रेकॉर्डिंग कर: पंखा, नळ, बाहेरची रिक्षा. नाव सांगितल्यानंतरचे चार-पाच सेकंद तुला तेच वापरायचे आहेत. तिथे आवाज पूर्ण बंद केलास तर लोकांना यंत्र बिघडल्यासारखं वाटेल. पंख्याची घरघर किंचित वर घेतलीस तर त्यांचा श्वास अडकेल. आणि मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नकोस, नाक-गाल विचित्र दिसतात. दोन पावलं मागे सरक आणि झूम घे.

एक गोष्ट थोडी कठोरपणे सांगतो. मुलीच्या घरचा प्रसंग तू अजानने सुरू केलायस, आणि चित्राला हिरवट छटा द्यायची असं समासात लिहिलंयस. हे कुठून आलं? वर्षानुवर्षं पडद्यावर भीतीचा प्रसंग आला की अजान, सुरमा, खालून लावलेला कॅमेरा हे बघून आपल्या हाताला ते वळण लागलंय. मग गोष्ट भल्याची असली तरी कॅमेरा आणि आवाज पूर्वग्रहाचंच काम करतात. त्या घरात कुकरची शिट्टी वाजू दे, बाप टीव्हीवर सोयाबीनचे भाव ऐकू दे. मुलीला लखनवी उर्दू देऊ नकोस; ती तुझ्यासारखीच परभणीकडची मराठी बोलेल आणि आईशी दखनी. अश्विन कुमारचा पंधरा मिनिटांचा ‘लिटल टेररिस्ट’ (२००४) बघ. क्रिकेटचा चेंडू आणायला सरहद्द ओलांडून आलेल्या पाकिस्तानी पोराला एक ब्राह्मण मास्तर लपवतो, त्याचं डोकं भादरून शेंडी ठेवतो. ज्याला आपण धर्म ओळखणं म्हणतो ते वस्तऱ्याच्या चार फटकाऱ्यांत बदलतं, हे त्याने करून दाखवलं.

शेवटचा प्रसंगही बदल. हजरत तुराबुल हक शाहांच्या उरुसात सगळ्या धर्मांची गर्दी, वर आकाशपाळणा, आणि समाप्त. उरूस खरा आहे, आपला आहे, मला प्रिय आहे. पण दर्ग्यात नवस बोलणारंच माणूस घरी येऊन खोली नाकारू शकतं, आणि आपल्या गावाची खरी गोष्ट ती आहे. उरूस चित्रपटाच्या सुरुवातीला घे. त्या गर्दीत मालकीणबाईंचा आवाज आधी ऐकू येऊ दे, प्रसाद वाटतानाचा, हसरा. मग दारापाशी तोच आवाज प्रेक्षक ओळखतील.

फेब्रुवारीत चित्रीकरणाला येशील तेव्हा ज्यांचा आवाज घेशील त्यांना आधी विचार; दर्ग्याच्या मंडळींना मी भेटून ठेवतो. मालकीणबाईंच्या आवाजाला तुझी मामी तयार आहे. संहिता नव्याने लिहून पाठव, म्हणजे तिला तालमीला वेळ मिळेल.

तुझा
मामा