जुनें शस्त्र आणि पारख्याचा धर्म

हिंगोली जिल्ह्यांतील वसमत हें गांव हळदीच्या बाजारपेठेसाठीं प्रसिद्ध आहे. शेतकरी हळद शिजवतो, वाळवतो, ढोलांत घोळून पॉलिश करतो आणि मग विक्रीस आणतो. पॉलिशनें हळदीला चकाकी येते व भावहि वाढतो. परंतु यांत लबाडी आहे असें कोणी म्हणत नाहीं. तीच चकाकी विषारी पिवळा रंग चोळून आणली, तर मात्र तो अपराध ठरतो. पहिल्या कृतीनें माल आहे तसा दिसतो, दुसरीनें नाहीं तसा. हा भेद सोपा आहे. पण जुन्या शस्त्रांच्या संग्रहाकडे वळलें म्हणजे तो तितका सोपा राहत नाहीं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व एकोणिसाव्याच्या आरंभीं लंडनचे कारागीर चकमकीच्या पिस्तुलांची जोडी लाकडी पेटींत घालून विकीत. दारूची कुपी, गोळ्या ओतण्याचा सांचा, नळी साफ करण्याची काठी यांना पेटींत वेगवेगळे कप्पे असत. 17 ऑगस्ट 1780 रोजीं कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्स व फिलिप फ्रान्सिस यांचें द्वंद्व झालें, तेंहि पिस्तुलांनींच. पुढें 1807 सालीं अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉच धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या दारूच्या युक्तीचें पेटंट घेतलें, आणि हळूहळू चकमक मागें पडली. पुष्कळ मालकांनीं आपलीं पिस्तुलें टोपीच्या पद्धतीवर बदलून घेतलीं. आज संग्राहकांत चकमकीला अधिक मोल आहे. म्हणून अशांपैकीं कांहीं पुन्हां चकमकीचीं करण्यांत येतात.

ही दुरुस्ती कीं लबाडी? मूळ रूप परत दिलें, यांत काय बिघडलें, असें म्हणणारे भेटतात. आणि त्यांच्या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु हळद घेणारा तिचा आजचा गुण विकत घेतो. जुनें शस्त्र घेणारा त्याचा गतकाल विकत घेतो. गोळी झाडण्यासाठीं तें कोणी घेत नाहीं. मग ज्या गतकालासाठीं पैसे मोजावयाचे, त्यांतील एक प्रकरणच न सांगतां पुसून टाकलें, तर गिऱ्हाइकाच्या हातीं काय राहिलें? म्हणूनच जी घासणी हळदीला भूषण, तीच जुन्या नळीला मारक होय. काळाची छटा एकदां गेली कीं परत येत नाहीं.

‘बदल केला, पण विकतांना सांगितला होता,’ हें समर्थनहि पुरेसें नाहीं. वस्तु माणसापेक्षां दीर्घायुषी असते. तिसऱ्या हातीं जाईपर्यंत तोंडचे शब्द गळून पडतात. तें सांगणें लिहून पेटींत ठेवलें पाहिजे. अर्थात् पेटीचीहि साक्ष तपासावी लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै 2024 मध्यें प्रदर्शनासाठीं साताऱ्यास आलीं. तीं शिवाजीमहाराजांचीं असून साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना मिळालीं, असा लेख त्यांच्या पेटीवर आहे. तरीहि अफझलखानाच्या वधाच्या वेळचीं तींच, याची खात्री करतां आलेली नाहीं, असें तें संग्रहालय स्वतःच सांगतें. या स्पष्टोक्तीनें वस्तूची प्रतिष्ठा उणी झाली नाहीं. सांगणाराची मात्र वाढली.

याहून कठीण कसोटी दुसरीच आहे. 1972 च्या कायद्यामुळें खासगी माणसाला पुरातन वस्तु परदेशीं पाठवितां येत नाहीं. परंतु दोन माणसांमधील मौनापर्यंत कायद्याचा हात पोहोंचत नाहीं. एखाद्या पडक्या वाड्यांतील विधवा पेटी उघडून मोल विचारते, तेव्हां पारख्याजवळ ज्ञान असतें आणि तिच्याजवळ केवळ गरज. वसमतच्या बाजारांत हळदीचा लिलाव चारचौघांत होतो. येथें बोली बोलणारा एकटाच. महाभारतांत जाजलीसारख्या तपस्व्याला धर्म शिकविला तो तुलाधार नांवाच्या वाण्यानें, आणि त्याचा तराजू सर्वांस सारखा होता हीच त्याची विद्या. घेणारापासून दोष लपविणें आणि विकणारीपासून मोल लपविणें हीं एकाच असत्याचीं दोन तोंडें आहेत. ज्याला वस्तु स्वतःच घ्यावयाची आहे, त्यानें आधीं तिचें खरें मोल सांगावें, मग मागणी करावी. इतकें ज्याला जड वाटतें, त्यानें संग्रह खुशाल करावा. स्वतःस पारखी मात्र म्हणवूं नये.