निगेटिव्ह

कराडच्या एका गॅरेजमध्ये निवृत्त मास्तरांची छोटी गाडी डेंटिंग-पेंटिंगला आली. डावा दरवाजा चेपला होता. मिस्त्रींनी तो उतरवून पत्र्याच्या कामाला घेतला. रंग व्हायला वेळ लागला, गाडी दहा दिवस शेडमध्ये उभी राहिली. मास्तर न्यायला आले, किल्ली फिरवली, तर सेल्फ गप्प.

"मी स्वतः चालवत आणली होती, मिस्त्री."

"मास्तर, बॅटरी तीन वर्षांची आहे. आज ना उद्या जायचीच होती."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून वाद मिटेना. शेवटी समोरच्या दुकानातल्या बॅटरीवाल्या चाचांना हाक मारली.

चाचांनी मीटर लावला. चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, तिथे 5 सुद्धा नव्हते. मग त्यांनी दरवाजा उघडून खांबावरचं छोटं बटण बोटानं दाबलं, सोडलं. "दार काढलं होतंस ना? मग हे दाबून कोण धरणार होतं?"

दार नाही म्हणून बटण मोकळं, आणि बटण मोकळं म्हणून छतातला दिवा रात्रंदिवस चालू. पाच वॅटचा एवढासा दिवा, पण 35 अँपिअर-अवरची बॅटरी तो तीन-चार दिवसांत रिकामी करतो. पुढे ती तशीच रिकामी पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही.

"मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची होतीस," चाचा म्हणाले.

"निगेटिव्ह काढली की टेपचं सेटिंग जातं, गिऱ्हाईक ओरडतं," मिस्त्री म्हणाले.

चाचांनी शेडच्या मागे बोट केलं. तिथे मिस्त्रींची स्वतःची जीप महिनाभर उभी होती. "तिची निगेटिव्ह का काढून ठेवलीस?"

मिस्त्री काही बोलले नाहीत.

चाचांनी कायदा वाचलेला नाही, पण 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 151 व्या कलमाचा प्रश्न हाच आहे. ताब्यात घेतलेल्या परक्या वस्तूची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी घ्यायला हवी. दहाचा पाना आणि एक मिनिट, एवढीच ती काळजी होती.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी हायड्रोमीटर घातला, तर पाच सेल वर आले, सहावा नाही. चाचांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "थंडीत दोनदा सेल्फ मारावा लागायचा. मी सांगायला हवं होतं."

"म्हणजे चार वर्षं पुरली असती असं धरू," चाचा म्हणाले. "तीन मास्तरांनी वापरली, त्यांचे पैसे मास्तरांचे. राहिलेलं वर्ष तुझ्या शेडमध्ये गेलं, ते तू भर."

"जुनी होतीच ना, चाचा?"

"जुनी होती म्हणून चौथा हिस्सा मागतोय. नवी असती तर अख्खी मागितली असती."

मिस्त्रींनी पैसे मोजले, नवी बॅटरी स्वतः बसवली, बसवायची मजुरी घेतली नाही. त्या दिवसापासून त्यांच्या जॉबकार्डावर ओरखडे, स्टेपनी आणि पेट्रोलच्या खाली आणखी एक ओळ असते: गाडी आली तेव्हाचे व्होल्ट, आणि त्यापुढे मालकाची सही.