बराकीतल्या लेकीसाठी

विठ्ठला, मागणं घेऊन आले आहे. ऐक रे.

माझी लेक जर्मनीत, फ्रायबुर्गला शिकते. जुन्या लष्करी बराकीत तिची खोली आहे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ही छावणी १९३६ ते १९३८ या काळात हिटलरच्या सैन्यासाठी बांधली. युद्ध संपल्यावर फ्रेंच फौज आली, तिने छावणीला व्होबाँ हे नाव दिलं, आणि १९९२ मध्ये तीही निघून गेली. मग काही बराकींत विद्यार्थ्यांची वसतिगृहं झाली. चार इमारती तर स्वस्तात राहू पाहणाऱ्या लोकांनी मागून घेतल्या आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या. जुनी झाडंही राखली.

ज्यांनी त्या दुरुस्तीची घमेली उचलली, त्यांचं भलं कर.

आम्ही साताऱ्याकडचे, आमच्या घराला पलटण नवी नाही. माझे आजेसासरे १९४४ मध्ये मराठा पलटणीतून इटलीत जर्मनांशी लढले. त्याच पलटणीतले नाईक यशवंत घाडगे तिथेच पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मागून जाहीर झाला. आजेसासरे परत आले, ही तुझी कृपा. आज त्यांची पणती शत्रूच्या बराकीत उशाशी पुस्तकं घेऊन झोपते. तिथून निघालेलं कुणी तेव्हा त्यांच्या समोर आलं होतं का? तुलाच ठाऊक. त्या राजवटीच्या पापाचा हिशोब तुझ्याकडे, मी त्यात पडत नाही. पण देवघरात बसून मी जन्मभर आपल्याच माणसांची खुशाली मागितली. पलीकडच्या आयांसाठी माझे हात जुळले नाहीत. आजही जड होतात रे. माझी ओंजळ एवढीशीच.

तू ती थोडी मोठी कर.

तिला सांभाळ. सामाईक स्वयंपाकघरात ती पिठलं करते, फोडणीचा वास जिन्यापर्यंत जातो म्हणते, आणि शेजारच्या खोलीतली मुलं वाटी घेऊन येतात. त्या वाटीत कधी कमी पडू देऊ नकोस. थंडीत तिचं अंग धरू देऊ नकोस. परीक्षेत तिची बुद्धी जागी ठेव.

मुदत संपली की तिला खोली सोडावी लागेल. तिच्यामागून जे लेकरू येईल, कुठल्याही देशाचं असो, त्याला खोलीसाठी फार ताटकळत ठेवू नकोस.