चष्म्याच्या कडेचं पेटंट

सोयाबीनची मळणी सुरू झाली की माझ्या दुकानात डोळे चोळत येणारी माणसं वाढतात. मी डॉक्टर नाही, चष्मे विकतो. पण आमच्या वसमत भागात डोळ्यात काही गेलं की माणूस आधी मेडिकलवर जातो, तिथून थेंब घेतो, दोन दिवसांनी चष्म्याच्या दुकानात येतो आणि मग आमच्यासारखं कुणीतरी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पिटाळतं. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालू असताना शेंगांची टरफलं आणि काडीकचरा असा काही उडतो की समोर उभं राहणं कठीण. हळद शिजवून वाळवली की पॉलिशचा ड्रम फिरू लागतो, तेव्हा पिवळी धूळ. ज्याला नंबरचा चष्मा आहे तो स्वतःला सुरक्षित समजतो. पण कुसळ समोरून येतच नाही. ते काडी आणि कानशील यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून येतं.

हे किरकोळ नाही. झाडपाल्याच्या तुकड्याने बुबुळाला ओरखडा पडला तर तिथे बुरशी धरू शकते. तशा जखमेवर स्टेरॉइडचे थेंब पडले तर ती आणखी बिघडते, आणि न विचारता घेतलेल्या थेंबांत नेमकं तेच असण्याची शक्यता असते. जखम भरायला आठवडे, कधी महिने जातात आणि अनेकदा बुबुळावर फूल राहून जातं ते कायमचं.

हडंब्यावर जाणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाने यावर स्वतःच उपाय काढला. थंड पेयाच्या बाटलीचा मधला भाग कापला, कारण तिथल्या प्लास्टिकला आधीच बाक असतो आणि तो कानशिलाला बरोबर बसतो. त्या तुकड्याला दोन उभ्या चिरा पाडून चष्म्याची काडी त्यांतून ओवली. बारीक तारेची काडी असली की कव्हर मागे घरंगळतं, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून मागून चढवली. कडा गालाला लागू नयेत म्हणून मेणबत्तीवर शेकून बोथट केल्या. हे सगळं माझ्या काउंटरवर ठेवून त्याने विचारलं, "काका, याचं पेटंट निघतं का?"

हिंगोली जिल्ह्यात पेटंट हा शब्द नवा नाही, आणि तो इथे आला हळदीमुळे. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांच्या नावावर, दोघेही भारतीय वंशाचे, जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट लागलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 1996 मध्ये त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये त्या पेटंटातले दावे फेटाळले गेले. आमच्याकडे हळदीच्या कार्यक्रमांत ही गोष्ट अजून सांगतात. सांगताना एक तपशील मात्र गळतो. आजी बोट कापल्यावर हळद लावायची, एवढ्याने तो खटला जिंकता आला नसता. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर धरत नसत. परदेशातलं पूर्वज्ञान छापील हवं होतं. म्हणून परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले बत्तीस संदर्भ गोळा केले, त्यांत भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकातला 1953 चा एक निबंधही होता. अमेरिकेत हळदीच्या मदतीला कागद आला.

या तरुणानेही ती गोष्ट ऐकलेली होती. त्याने त्यातून घेतलं ते असं, की दुसऱ्याने नेण्याआधी आपलं आपण नावावर करून घ्यावं. पण हळद वाचली ती कुणाच्या नावावर झाली म्हणून नव्हे. जे आधीच लोकांना ठाऊक आहे ते कुणाच्याच नावावर होत नाही, या नियमाने ती वाचली. आणि तोच नियम आता त्याच्या कव्हराकडे बोट दाखवत होता.

चष्म्याच्या कडेला आडोसा लावण्याची कल्पना फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात आगगाडीचे डबे उघडे असत, इंजिनातली राख आणि ठिणग्या डोळ्यात जात. तेव्हा युरोपात चार काचांचे चष्मे निघाले, दोन समोर आणि दोन कडेला. बर्फाळ डोंगर चढणाऱ्यांच्या चष्म्यांना कडेने चामडं शिवलेलं असे. कारखान्यांच्या सुरक्षा-साहित्याच्या दुकानात आज मिळणारी साइड शील्ड बघितली तर तिलाही दोन चिराच असतात आणि काडी त्यांतूनच ओवायची असते. अमेरिकी पेटंटांच्या जुन्या नोंदी आता मोबाइलवर फुकट चाळता येतात. त्यांत काढता-घालता येणारी कव्हरं कित्येक दशकांपासून आहेत. चित्रं बघताना तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण मी तर हे पाहिलंच नव्हतं." खरं होतं. कायदा मात्र तू पाहिलं होतंस का, असं विचारत नाही. जगात होतं का, एवढंच विचारतो.

मग उरली ट्यूबची रिंग. ती त्या चित्रांत नव्हती. इथे पेटंटची दुसरी आणि जास्त अवघड पायरी लागते. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यानुसार नुसतं नवीन असून भागत नाही, त्या कामातल्या जाणकाराला ते सहज सुचण्यासारखं नसावं लागतं. शिवाय कलम 3 मध्ये स्पष्ट म्हटलंय की ठाऊक असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम वेगवेगळं करत राहिली, तर तो शोध नव्हे. रबराची रिंग वस्तू घरंगळू देत नाही. रबराचं ते जुनंच काम.

या मुद्द्यावरचा आपल्याकडचा गाजलेला निकाल भांड्यांचा आहे, आणि तो वाचताना मला तांबट आळीची आठवण झाली. मिर्झापूरच्या एका कारखान्याने लेथवर भांडी पकडून घासण्याच्या युक्तीचं 1951 मध्ये पेटंट घेतलं होतं. फिरताना भांडं निसटायचं, कारागिराला इजा व्हायची. म्हणून दुसऱ्या बाजूने दाबून धरणारा भाग जोडला. उपयोग होता, सोय होती, कदाचित काही बोटंही वाचली असतील. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1978 मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात न्यायालयाने पेटंट रद्दच ठरवलं. लेथवर वस्तू दोन्हीकडून धरतात हे आधीपासून माहीत होतं, ते भांड्याला लावणं ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा झाली, शोध नव्हे. मला हा निकाल पहिल्यांदा कोरडा वाटला. बोटं वाचवणाऱ्या माणसाला काहीच नाही? पण उलट बाजूने बघा: ते पेटंट टिकलं असतं तर बाकीच्या भांडेवाल्यांना तोच साधा आधार लावायला परवानगी मागावी लागली असती.

काही दिवसांनी तो दुसरं कव्हर घेऊन आला, आणि या वेळी मी ते बराच वेळ हातात धरून बसलो. पहिल्या कव्हराची खोड अशी होती की चष्मा मिटता येत नव्हता. काडी बिजागरीत वळली की कडक प्लास्टिक काचेवर आपटायचं, आणि शेतात माणूस चष्मा मिटून खिशात टाकतो; कव्हर काढून ठेवावं लागलं की दुसऱ्या दिवशी ते घरीच राहतं. त्याने कव्हर बिजागरीच्या रेषेत उभं कापलं होतं आणि दोन्ही तुकडे आतून ट्यूबच्या पट्टीने जोडले होते. चष्मा उघडला की पट्टी ताणून दोन्ही तुकडे कडेला कडा भिडवून उभे. मिटला की पुढचा तुकडा काचेच्या मागे चपटा. मी पाच-सात फ्रेमींवर लावून पाहिलं. जाड काडीवर अडतं, बाकी ठीक.

पेटंटचा अर्ज कुठे टिकायचा असेल तर इथे, या सांध्यावर, कव्हरावर नाही. परीक्षक म्हणू शकेल, की जिथे दुमडायचं तिथे सांधा टाकणं कोणत्याही सुताराला सुचतं. पण ताणाने स्वतःच उभं राहणं आणि काचेला न घासता आत जाणं, या दोन गोष्टी एकाच पट्टीने साधल्या आहेत. तेवढंच नेमकं लिहिलं तर लढायला जागा आहे. अडचण पुढची. दावा जितका अरुंद, तितका तो मिळायला सोपा आणि चुकवायलाही सोपा. उद्या कुणी रबराऐवजी स्प्रिंग लावेल आणि हसत निघून जाईल.

आणखी एक गोष्ट आमच्या गावपद्धतीत बसत नाही. अर्जाआधी वस्तू लोकांसमोर वापरली गेली तर नवेपण जातं. तोंडावर घालायची वस्तू लपवणार कशी? चाचणीसाठी उघड्यावर वापरावंच लागत असेल तर अर्जाआधीच्या वर्षभरापुरती कलम 32 ची सवलत आहे. पण ती खऱ्या चाचणीला, हडंब्यावरच्या चार सोबत्यांना वाटून टाकलेल्या नगांना नव्हे. पहिलं कव्हर तर त्याने वाटून टाकलंच होतं. शेजाऱ्याच्या डोळ्यात कुसळ जाताना बघत हा माणूस कव्हर खिशात ठेवून बसला असता, तर मला तो आवडला नसता.

पैशाचं गणित लवकर संपतं. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपये, तपासणीच्या विनंतीची 4000, एजंटचे वेगळे, आणि मंजूर झाल्यावर तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण. वीस वर्षांचा हक्क मिळतो खरा, पण तो राखायला जिल्हा न्यायालयात दावा लावायचा. समोरच्याने पेटंटच रद्द करा म्हटलं की प्रकरण उच्च न्यायालयात. वीस-पंचवीस रुपयांना विकली जाणारी जोडी वकिलाचं एका तारखेचं भाडंही काढणार नाही.

"मग दादाजी खोब्रागडेंसारखं होईल," तो म्हणाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या या शेतकऱ्याने एचएमटी भात निवडून काढला, वाण दूरवर पसरला आणि स्वतः ते शेवटपर्यंत हलाखीत राहिले. त्याची भीती खोटी नाही. पण पेटंट हा त्यांच्याही दुखण्यावरचा उपाय नव्हता; आपल्या कायद्यात वनस्पतीच्या वाणाला पेटंट मिळतच नाही.

जर्मनीत आणि चीनमध्ये अशा छोट्या सुधारणांना कमी मुदतीचं, हलकं पेटंट मिळतं. आपल्याकडेही ते असावं का, यावर केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने 2011 मध्ये चर्चापत्र काढलं होतं. कायदा झाला नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. ट्यूबच्या प्रत्येक रिंगेला कुलूप लागलं तर पुढचा शेतकरी काही जोडायला आधी वकील शोधेल. माझी खरी तक्रार वेगळी आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम 35 प्रमाणे कण उडतात तिथे मालकाने गॉगल किंवा आडोसा द्यायचा असे. शेतात, हडंब्यापुढे उभ्या असलेल्या मजुराला ते कोण देतो?

शेवटी आम्ही दोन्ही कव्हरांचे रस्ते वेगळे केले. सांध्याचं कुणाला दाखवायचं नाही. त्याचा तात्पुरता अर्ज आधी टाकायचा, म्हणजे पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. रिंगवाल्याचा मात्र व्हिडिओ करून लगेच सगळ्यांना खुला करायचा. तो त्यावर चमकला, फुकट का द्यायचं म्हणून. मी 1953 च्या त्या निबंधाची आठवण करून दिली: तारखेसकट जगासमोर आलेली गोष्ट उद्या कुणी परका येऊन स्वतःची म्हणू शकत नाही. त्याने व्हिडिओ टाकला. त्यात तो चिरांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो, रिंग कशी कापायची ते दोनदा दाखवतो. न विचारता मेडिकलवरून थेंब आणू नका, हे वाक्य मात्र विसरला. ते घालून दुसरा व्हिडिओ कर म्हणून मी त्याच्या मागे लागलोय.