भाता आणि भरवसा

तपासणे म्हणजे अविश्वास दाखवणे काय? प्रश्न पोथीतला वाटतो, पण तो घरोघरी आहे. काउंटरवर नोटा दोनदा मोजून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला कधी राग येत नाही. पण मेव्हण्याने परत केलेले दोनशे रुपये मी त्याच्यासमोर मोजायला घेतले, तर आमची सौभाग्यवती पुढच्या दोन दिवाळ्या माहेरी साजऱ्या करील.

चंद्रपूरच्या शाखेत असताना आमचे एक खातेदार कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. सरदार म्हटले की घोडा, तलवार डोळ्यांपुढे येते. यांच्या हाती होता एक छोटासा भाता! त्याच्या तोंडाला काचेची नळी बसवायची, तिची दोन्ही टोके मोडायची. भाता दाबून सोडला की तो १०० मिलिलिटर हवा नळीतून ओढतो, आणि कार्बन मोनॉक्साइड असेल तर आतल्या रसायनाचा रंग बदलतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाला तर आपोआप तापून धुमसायची खोड!

पण त्याआधी एक विधी असतो. टोके न मोडलेली, बंद नळी बसवायची, भाता दाबून सोडायचा आणि १५ मिनिटे वाट पाहायची. तेवढ्यात तो पुरता फुगला, तर कुठूनतरी चोरून हवा येते आहे असे समजायचे. गळका भाता नळीतून कमी आणि भोकातून जास्त हवा पितो. म्हणून विषारी वायू असतो त्याहून कमी दिसतो. म्हणजे गळका भाता खोटे बोलतो, तेही गोड बोलतो! घाबरवणारे खोटे आपण दहा जणांना विचारून पाहतो. दिलासा देणारे मात्र न मोजता खिशात घालतो.

मी विचारले, "रोज तपासता, म्हणजे तुमचा पंपावर भरवसा नाही?"

ते म्हणाले, "पंपाले काय राग येते, साहेब? खाली बारा जनं माह्या भरवशावर उतरते."

आता तुम्ही म्हणाल, तपासणाऱ्याला कोणी तपासायचे? कारकुनाला अधिकारी, अधिकाऱ्याला ऑडिटर, अशी शिडी लावत गेलो तर कामाला उतरायचे कधी? इथेच बंद नळी मला मोठी शहाणी वाटते. तिला दुसरे यंत्र लागत नाही. ती एवढेच विचारते : काहीच आत येऊ नये अशा वेळी तुझ्या आत काही येते का? उत्तर साध्या डोळ्यांना दिसते, आणि शिडी तिथे संपते. नळीची मुदत वेगळी पाहावी लागते, हे खरे. पण गळतीपुरता निकाल लागतो.

ब्रिटनमधल्या खाणींत पूर्वी हेच काम कॅनरी पक्षी करीत. १९८६ साली त्यांना निवृत्त करायचे ठरले. पक्ष्याची गळती तपासावी लागत नसे; तो आपल्या जिवाने पावती देई. आपल्याकडून फक्त १५ मिनिटे मागितली जातात.

तेव्हा भरवसा आणि तपासणी ही सवतीसवतीची जोडी नव्हे. ज्याच्यावर दुसरे विसंबतात, त्याला तपासणी टाळायचा हक्कच उरत नाही. आणि तपासले म्हणून कोणी फारच रागावला, तर त्याच्या भात्याला जरा कान लावून पाहावा!